दंडाच्या फाईलमधली राहिलेली ओळ

ऑपरेशनच्या नोटवरून मी आयुष्यात जितकी भांडणं केली, तितकी बांधावरून माझ्या सगळ्या चुलत्यांनी मिळून केली नसतील. रत्नागिरीत मी तीस वर्षं हाडांचा डॉक्टर म्हणून काम केलं. बारा खाटांचं हॉस्पिटल आणि एक ऑपरेशन थिएटर, एवढाच पसारा. पण माझ्या हाताखाली जे कोणी नवे डॉक्टर येऊन गेले, त्यांना मी जोडलेली हाडं आठवत नसतील, भिरकावलेल्या फायली नक्की आठवत असतील. ऑपरेशन झालं की कुठून उघडलं, आत काय दिसलं, काय बसवलं हे सगळं फाईलमध्ये लिहायचं असतं. ते अपुरं दिसलं की माझं डोकं फिरायचं. एकदा दुसऱ्या तालुक्यातल्या एका डॉक्टरला, ओळखदेख नसताना, मी फोन करून सुनावलं होतं. मांडीचं हाड त्यानं कुठल्या बाजूनं उघडलं ते लिहिलंच नव्हतं. तो बिचारा म्हणाला, सर, टाक्यांचा व्रण बघून कळतंच की. त्यावर मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

ही सवय मला घाटावर लागली. शिकायला तिकडं होतो. आमचे सर फार बोलायचे नाहीत, पण नोट मात्र स्वतः वाचायचे आणि पसंत पडली नाही तर पान फाडून परत हातात द्यायचे.

"नोट आपल्यासाठी लिहायची नसते," ते म्हणायचे. "हा हात पुन्हा उघडणारा जो कोणी असेल त्याच्यासाठी लिहायची. तो कोण, हे आज तुम्हाला माहीत नसतं."

त्यांची आणखी एक शिस्त होती. पेशंटचा कागद सुरू होतो तिथं वरच एक ओळ असते, माहिती कोणाकडून. ती ओळ आम्ही सवयीनं कशीतरी भरायचो. सर त्या ओळीवर बोट ठेवून विचारायचे, याला स्वतःला विचारलंत का? माणूस शुद्धीवर असेल तर आधी त्याला विचारायचं, मग नातेवाइकांना, आणि एक्स-रेला सगळ्यात शेवटी. त्या वयात आम्हाला हे म्हातारपणाचं वाटायचं. एक्स-रे समोर लखलखीत दिसत असताना पेशंटची गाऱ्हाणी कोण ऐकत बसणार?

हाडापर्यंत पोहोचायच्या वाटा ठरलेल्या असतात. शेतातून जायचं तर उभ्या भातातून जात नाहीत, बांधावरून जातात, तसंच आहे ते. दोन शेजारी स्नायू वेगवेगळ्या नसांवर चालत असतील, तर त्यांच्या मधून जायचं. मग दोघांचंही नुकसान होत नाही. शरीरात असे बांध पुष्कळ आहेत आणि ते शोधून काढणाऱ्या जुन्या लोकांचं मला अजूनही कौतुक वाटतं. पण दंडाच्या मागच्या बाजूला असा बांध नाही. तिथल्या मोठ्या स्नायूची तिन्ही डोकी एकाच नसेवर चालतात. ती रेडियल नर्व्ह. आणि हीच नस हाडाच्या मागून तिरकी वळत, हाडाला चिकटून खाली उतरते. ओल्या सुतळीएवढी जाड, पिवळट पांढरी, अंगावर केसासारखी लाल रेघ. स्नायूचा पांढरा पडदा वर जिथं संपतो, तिथून साधारण दोन बोटं वर ती सापडते. साधारण, कारण माणसामाणसात फरक पडतो. म्हणून दंडावर मागून धातूची पट्टी बसवली की नोटमध्ये एक ओळ लिहावीच लागते: नस पट्टीच्या कितव्या होलवरून जाते. पट्टीला स्क्रूसाठी होलं असतात, ती मोजायची आणि लिहायचं. पट्टी एक्स-रेत दिसते, नस दिसत नाही. पुढं कधी ती पट्टी काढायची वेळ आली तर आत सगळं खरवडलेल्या खोबऱ्यासारखं पांढरं झालेलं असतं. तेव्हा नस कुठं आहे, हे सांगणारी ती एवढी एक ओळ असते.

ही ओळ राहिली म्हणून मी किती जणांना रडवलंय, ते आठवलं की आता मान खाली जाते.

ती बाई पूर्णगडची. वयानं माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. मी तिला मावशी म्हणायचो. रोज पहाटेची एसटी पकडून मासे घेऊन रत्नागिरीच्या बाजारात यायची. माझ्या बायकोची ती ठरलेली मासेवाली. तिला अक्षर म्हणून येत नव्हतं, पण कुणाकडं सरंगा चालतो, कुणाला मोठं पापलेट नको असतं, कुणाच्या सासूचा सोमवार आणि कुणाचा गुरुवार, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं. माझ्या मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही कोणते मासे नेले होते, ते तिनं मला त्याच मुलीच्या लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. बायको म्हणाली होती, डॉक्टर तुम्ही, पण डोकं हिचं.

मला तिचं डोकं नाही, मनगट बघायला आवडायचं. सुरमई कापताना ती उजव्या हातात कोयता धरायची, मनगट किंचित वर उचललेलं, आणि एकेक तुकडा असा पडायचा की मोजपट्टी लावून बघावी. बायको भाव करत असायची आणि मी तिच्या कोपराखालचे स्नायू कसे एकापाठोपाठ उठतात ते बघत उभा. मुठीचा जोर मुठीत नसतो, मनगट वर धरणाऱ्या स्नायूंत असतो. मनगट खाली पाडून मूठ आवळून बघा, जोर येत नाही. आणि मनगट वर उचलणारे सगळे स्नायू त्याच एका नसेवर चालतात. हे मी तिला एकदा सांगितलंही होतं. ती म्हणाली, डॉक्टर, आधी मासं घ्या.

एके वर्षी शिमग्याच्या तोंडावर ती जेट्टीच्या पायऱ्यांवरून शेवाळावर घसरली. डोक्यावर पाटी होती, ती सावरायला गेली आणि उजव्या अंगावर पडली. दंडाचं हाड मधोमध मोडलं. मी बघितलं तेव्हा मनगट वर उचलत होती, अंगठा वर करत होती. म्हणजे नस शाबूत होती. पट्टी बसवावी लागणार हे उघड होतं. भूल देणारे डॉक्टर ज्या दिवशी मोकळे होते तो दिवस नेमका आमच्या गावच्या पालखीचा होता, आणि दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच शिमग्याला आपल्या गावी जाणार होते. शिमग्यात कोकणात डॉक्टरही जागेवर सापडत नाही, तिथं माझं काय चालणार? त्याच दिवशी ऑपरेशन करायचं ठरलं.

आमचं गाव मिरजोळ्याच्या पलीकडं, शहरापासून फार लांब नाही. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. देवी वर्षातून एकदा आपल्या दारात येते, तेव्हा घरातला कर्ता पुरुष दारात हवा, असा आमच्याकडचा रिवाज. त्या वर्षी वडील फार थकले होते. त्यांनी आधीच निरोप पाठवला होता की या वर्षापासून पालखी तू घ्यायचीस. वडिलांनी असं सांगणं म्हणजे काय ते मला कळत होतं. मला जायचंच होतं, आणि वेळेवर जायचं होतं. यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. चुकलं ते पुढं.

भूल फक्त हाताला दिली होती. मावशीला कुशीवर झोपवलं, मोडका हात आधारावर टेकवला आणि तिच्या तोंडासमोर हिरवा पडदा लावला. ती जागीच होती. काम करताना मोठ्यानं बोलायची माझी सवय, काय दिसतंय, कुठं आहे, काय हवंय, आणि मधूनमधून शिव्याही. नस पहिल्या झटक्यात सापडली. हाड छान बसलं. आठ होलांची पट्टी लावली, आणि नस तिच्या वरून मोकळी, सैल ठेवली. असं ऑपरेशन वर्षातून एखादंच होतं, ज्यात सगळं पुस्तकासारखं घडतं. मी खूश होतो.

टाके घालायचं काम हाताखालच्या डॉक्टरवर सोपवून मी बाहेर आलो, तर फोनवर घरचे चार कॉल. पालखी वाडीत शिरलीये, वडील धोतर नेसून बसलेत, तू कुठं आहेस? मी उभ्या उभ्या नोट लिहिली. मागून उघडलं. आठ होलांची पट्टी. रेडियल नर्व्ह पाहिली, जपली. खाली सही. एवढंच. बाकीचं उद्या लिहू म्हणालो आणि गाडीत बसलो. गावापर्यंत वळणावळणावर पाट्या आहेत, अति घाई संकटात नेई. मी त्या अख्खं आयुष्य वाचत आलोय.

घरी पोहोचलो तेव्हा पालखी कुठंच नव्हती. वरच्या वाडीत एका घरी बराच वेळ नाचवत होते म्हणे. वडील ओटीवर खुर्चीत बसलेले, मी त्यांच्या शेजारी नारळ हातात घेऊन बसलो. पालखी दोन तासांनी आली. दोन तास मी नारळाची शेंडी उपटत बसलो होतो. त्या वेळात मला तशा दहा नोटा लिहिता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीच्या खाटेजवळ गेलो आणि म्हणालो, अंगठा वर कर. तिनं अंगठा वर केला, मनगटही उचललं आणि विचारलं, आली का पालखी? मी म्हणालो, आली. फाईल समोरच होती. पण बाहेर ओपीडीची रांग लागली होती, आणि तिचा अंगठा वर आलेला बघून आत कसलीच टोचणी उरली नव्हती. बाकीचं लिहायचं राहून गेलं. खरं तर राहून गेलं असं म्हणणंही मला सोपं जातंय. मी लिहिलं नाही.

तीन महिन्यांनी ती परत बाजारात बसली. कोयता पूर्वीसारखाच चालायला लागला. मला बघितलं की ती गिऱ्हाइकांना दंड दाखवायची आणि माझी जाहिरात करायची.

दोनेक वर्षांनी ती ओपीडीत आली. बर्फात हात घातला की आत दंड ठणकतो म्हणाली, आणि तिचं तर दिवसभर बर्फातच काम. हाड पक्कं जुळलं होतं. अशा वेळी शहाणा डॉक्टर पट्टी तशीच राहू देतो, कारण दंडातली पट्टी काढणं हे बसवण्यापेक्षा जोखमीचं असतं. मी तिला तसं म्हणालोही. पण ती म्हणाली, हाड जुळलां, आता लोखंड कशाला आत? आणि मला वाटलं, आपलंच काम आहे, आपणच काढू, त्यात काय एवढं. इतक्या वर्षांच्या अनुभवानं माणूस सावध होतो म्हणतात. माझं उलटं झालं होतं.

ऑपरेशनच्या सकाळी मी कपाटातून फाईल काढली. नोट वाचली आणि हसू आलं. माझ्याच अक्षरात ती असली नोट, जी बघून मी दुसऱ्या कुणाची फाईल खिडकीबाहेर टाकली असती. दिव्याखाली अंधार. पण मी अडलो नाही, कारण मला आठवत होतं. नस वरून तिसऱ्या होलवर होती, अगदी स्पष्ट आठवत होतं, नस, पट्टी, दिव्याचा उजेड, सगळं डोळ्यांसमोर. म्हणजे खालचा अर्धा भाग मोकळा. जुना व्रण सगळा उघडायचा नाही, फक्त खालून छोटा छेद घ्यायचा, वरचे स्क्रू नंतर नस शोधून काढायचे. बाईला कमी त्रास होईल, असा माझा चांगुलपणाचा हिशेब.

थिएटरमध्ये नेण्याआधी मी तिच्याजवळ गेलो. ती म्हणाली, "मागल्या टायमाला मी समदां ऐकीत व्हते डॉक्टर. तुमी बोलीत व्हतात ना..."

मी तिला पुढं बोलू दिलं नाही. म्हणालो, म्हणजे माझ्या शिव्याही ऐकल्यास? या वेळी पूर्ण झोपवूनच करतो तुला. ती हसली, सिस्टर हसली, मीही हसलो.

पूर्ण भूल दिली. खालून छेद घेतला. आत सगळं पांढरं, घट्ट. पातं सरळ धातूवर टेकवलं आणि पट्टीच्या रेषेत वर सरकवत गेलो. खालचं पहिलं होल, दुसरं, तिसरं. पुढं पातं एका जागी किंचित अडल्यासारखं झालं आणि सुटलं. फार काही नाही, सुतळी तुटल्यासारखं. मी थांबलो. मला कळलं होतं, पण मी सिस्टरकडून पाणी मागून जागा धुऊन घेतली, परत धुतली, जणू धुतल्यानं काही बदलणार होतं. दोन पांढरी टोकं होती. मधे बोटभर सुद्धा अंतर नव्हतं.

मग मी सगळा व्रण उघडला, पट्टी काढली, टोकं मोकळी केली आणि केसापेक्षा बारीक धाग्यानं ती एकमेकांना शिवली.

संध्याकाळी ती पूर्ण जागी झाली. मी म्हणालो, मावशी, अंगठा वर कर. मनगट खाटेच्या कडेवरून खाली लोंबत राहिलं, बोटं अर्धी मिटलेली. ती माझ्याकडं बघत नव्हती, अंगठ्याकडं बघत होती. दुसऱ्या कुणाचा अंगठा असावा तसा.

मी तिला सांगितलं, नस हाडाला चिकटली होती, सोडवताना दुखावली, कधीकधी असं होतं. यातलं प्रत्येक वाक्य कोर्टात टिकलं असतं. तरीही ते खोटं होतं, आणि ते बोलताना मला माझीच किळस आली. ती म्हणाली, येल ना परत? मी म्हणालो, येईल, वेळ लागेल. शिवलेली नस दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर वाढते. दंडापासून बोटांपर्यंत यायचं म्हणजे वर्षाचं काम.

त्या आठवड्यात मी एक गोष्ट शोधून काढली. जी नस मला स्पष्ट आठवत होती, ती तिची नव्हतीच. तिला पट्टी बसवली त्याच पंधरवड्यात मी मिरजोळ्याच्या कारखान्यातल्या एका कामगाराच्या दंडाला पट्टी बसवली होती. त्याचा हात यंत्राच्या पट्ट्यात गेला होता. त्याची फाईल काढली तर त्यात दीड पान नोट होती, सुरेख अक्षरात, आकृतीसकट. नस वरून तिसऱ्या होलवर. त्याची पट्टी कधी काढावीच लागली नाही.

वर्ष गेलं. मावशी दर महिन्याला यायची. मनगटाला आधाराची पट्टी बांधलेली, सून बरोबर. नस थोडी जागी झाली, मनगट जरासं उचलायला लागलं, पण मुठीत जोर आला नाही, बोटं पुरती उघडेनात. मुंबईला एक हाताचे नावाजलेले डॉक्टर आहेत, ते चालू असलेल्या स्नायूची टोकाची दोरी, म्हणजे कंडरा, उचलून बंद पडलेल्या ठिकाणी जोडतात. मी तिला म्हणालो, मी स्वतः घेऊन जातो. ती माझ्या मनगटावर डावा हात ठेवून म्हणाली, परत हात उघडायचा नाय आता. मी पुष्कळ समजावलं. तिनं ऐकलं नाही, आणि तिला ऐकायला सांगायचा मला काय हक्क होता?

बाजारात तिच्या जागी सून कापायला बसली. मावशी बाजूला बसून गिऱ्हाइकाला हाक मारायची, कुणाला काय लागतं ते सुनेला सांगायची. सून घाईत कापते, तुकडे लहानमोठे पडतात. मावशी ते तुकडे बघायची. मी बाजारात जायचं बंद केलं. बायकोला सांगितलं की पार्किंग मिळत नाही. थोड्या दिवसांनी मावशीनंही यायचं बंद केलं, पण पावसाळा संपला की कुणाच्या तरी हाती माझ्याकडं मासे पाठवायची. ते मासे मला गोड लागले नाहीत, तरी मी ते खाल्ले. परत पाठवले असते तर कारण सांगावं लागलं असतं.

गेल्या वर्षी मी थिएटर बंद केलं. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. कपाटं रिकामी करताना वाळवी लागलेल्या फायली बाहेर टाकल्या, तिची फाईल मात्र शाबूत निघाली. ती घरी आणली. सहा महिने टेबलावर होती. शेवटी या शिमग्यात, पालखी येऊन गेल्यावर, मी एकटाच गाडी काढून पूर्णगडला गेलो. तिला खरं सांगितल्याशिवाय मला स्वस्थता मिळणार नव्हती. म्हणजे तिथंही मी माझ्यासाठीच जात होतो.

ती खाडीच्या बाजूच्या अंगणात बांगडे वाळत घालत होती, डाव्या हातानं. आता पुरती म्हातारी झाली होती. मला बघून तिनं सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला आणि खुर्ची पुढं केली. मी बसलो आणि सरळ सांगून टाकलं. मी नोट लिहिली नव्हती. पालखीची घाई होती. दोन वर्षांनी दुसऱ्याच माणसाची नस तुझी म्हणून आठवत होतो आणि त्या भरवशावर पातं चालवलं. नस चिकटली होती म्हणून नाही तुटली, मला ती कुठं आहे हे माहीत नव्हतं म्हणून तुटली. तेव्हाही तुला खरं सांगितलं नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. एक बांगडा उलटा घातला. मग म्हणाली, "खालनं चौथां भोक."

मला कळलं नाही.

"तुमी तवा सिस्टरला सांगत व्हतात. पट्टीच्या खालनं चौथ्या भोकावर नस हाय, लिवायचां हाय, मला आठवण करा. दोन येळा बोललात. मी जागी व्हते ना."

ते खरं होतं. खालून तिसऱ्या होलच्या पुढंच पातं अडलं होतं. मी विचारलं, मग मला आधी का बोलली नाहीस?

"बोलत व्हते की, त्या दिवशी सकाळला. तुमी हसलात." तिनं पुढचा बांगडा उचलला. "मला वाटलां डॉक्टरला ठावं असेल. तुमी इचारलां असतात तर सांगितलां असतां."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी रागाची वाट बघत होतो, तो आला असता तर बरं वाटलं असतं. सून चहा घेऊन आली. मावशीनं कप डाव्या हातानं घेतला, उजवा हात मांडीवर तसाच, तळवा खाली करून. मी चहा प्यालो आणि निघालो. तिनं कागदात बांधून चार सुके बांगडे दिले, ते मी घेतले.

घरी आल्यावर मी तिची फाईल उघडली. जुन्या नोटेखाली अर्धं पान कोरं होतं, बाकीचं उद्या लिहू म्हणून सोडलेलं. त्यावर लिहिलं: रेडियल नर्व्ह पट्टीच्या खालून चौथ्या होलवरून जाते. त्याखाली, माहिती कोणाकडून: पेशंटकडून. मग सही केली आणि तारीख ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशीची, खरी, घातली.